नोरीनचे सहा फोटो

प्रिय ब्रायनी,

फोनवर जे तोंडातून निघत नाही ते कागदावर तरी उतरतंय का, बघतो. आज बुधवार. घरी येणारी नर्स तुझ्या आईला अंग पुसून देते आहे. त्याला तासभर लागतो आणि तेवढा वेळ मला खोलीबाहेर हाकललं जातं, कारण मी म्हणे मध्ये मध्ये करतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय. पलंग पुढच्या खोलीत आणल्यापासून तिला रस्ता दिसतो, तेवढंच बरं झालं. काल तिने अर्धी वाटी कस्टर्ड खाल्लं. शेजारच्या बाईंनी मायेने आणलेलं सूप मात्र मला सिंकमध्ये ओतायला लावलं. "मोजे भिजवलेल्या पाण्यासारखं लागतंय, पण तिला सांग हं, फार छान होतं म्हणून." जीभ अजून शाबूत आहे तिची. बाकी फारसं काही शाबूत नाही. डॉक्टरबाई आता महिन्यांची भाषा करत नाहीत, आठवड्यांची करतात. हे तुला रविवारी सांगितलंच.

तुला न सांगितलेली गोष्ट माझ्या कॅमेऱ्याची आहे. हसू नकोस. सत्तरीला आईने मला कॅमेरा दिला, आणि मी गेल्या सप्टेंबरात स्केलगार्थच्या कॅमेरा क्लबात नाव घातलं, एवढं तुला ठाऊक आहे. का घातलं ते ठाऊक नाही. ऑगस्टमध्ये तू येऊन गेलीस तेव्हा आपण तिघं जुने अल्बम काढून बसलो होतो. तू निघून गेल्यावर मी ते परत पहिल्यापासून बघितले. तुझे वाढदिवस, समुद्रकिनारा, मी बादली घेऊन उभा, मी तंबूत अडकलेला, मी भाजलेल्या नाकाचा. चाळीस वर्षांत तुझी आई कुठेच नाही, कारण कॅमेरा नेहमी तिच्या हातात. एका फोटोत वाळूवर तिची सावली पडलीये, तेवढीच. मला वाटलं, आता माझी पाळी. माझ्या नोरीनचा एक तरी धड फोटो मी काढीन. यापेक्षा मोठी हाव नव्हती गं माझी.

क्लब दर दुसऱ्या मंगळवारी मेथडिस्ट चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. महिन्यातून एकदा स्पर्धा. बाहेरगावचा परीक्षक येतो, फोटो एकेक करून उजेडातल्या स्टँडवर ठेवतात, तो वीसपैकी गुण देतो. फोटो कुणाचा हे त्याला सांगत नाहीत, आणि ज्याचा असेल त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हा तिथला नियम. तुमच्या पोराला कुणी भर सभेत शेंबडा म्हणालं तरी तुम्ही छताकडे बघत बसायचं. नंतर चहा-बिस्किटांच्या वेळी मात्र सगळे तुमच्याभोवती गोळा होतात आणि परीक्षकाने ठेवलेली कसर भरून काढतात. त्यात दोघं मुख्य. सेड्रिक पगमायर, ऐंशीचा, जन्मभर लग्नांचे फोटो काढलेला, जिभेला हाड नाही. आणि थेल्मा रिग, शाळेत चित्रकला शिकवायची, अजूनही प्रत्येकाशी तो चौथीत असल्यासारखं बोलते.

पहिला फोटो मी इथेच काढला, सिंकपाशी उभं करून. परीक्षकाने नऊ गुण दिले, आणि थेल्मा म्हणाली, नऊ म्हणजे पेपरवर नाव बरोबर लिहिल्याचे. सेड्रिक बिस्कीट चहात बुडवत म्हणाला, "क्लिफ, बाई गोड आहे रे, पण तिच्या टाळूतून नळ उगवलाय तो बंद कर आधी." मागचा नळ मला दिसलाच नव्हता. घरी येऊन सांगितलं तर तुझी आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि पुढे आठवडाभर आंघोळीला जाताना डोक्यावरचा नळ पिळल्यासारखं करायची. तेव्हापासून मी एक वही केली. अडतीस वर्षं लोकांचे बॉयलर दुरुस्त केले मी, मला दुसरी रीत येत नाही. डाव्या पानावर बिघाड, उजव्या पानावर उपाय, झाला की बरोबरची खूण. "मागे नळ. खुर्ची खिडकीपाशी." खूण. लोक चुका दाखवतात याचं मला काही वाटायचं नाही. चूक कळली की अर्धं काम झालं, असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगायचो.

मग रविवारचं ठरूनच गेलं. दुपारचं रोस्ट झालं, भांडी आवरली की आई लिपस्टिक लावून खिडकीपाशी खुर्चीत बसायची. "बोला साहेब, हसू की रडू?" ऑक्टोबरच्या फोटोला अकरा गुण मिळाले. थेल्मा नाकावरचा चष्मा खाली करून म्हणाली, "डावा डोळा बारीक दिसतोय हं. पापणी उतरल्यासारखी. झोप झाली नव्हती का तिची?" सेड्रिकने हातानेच ते झटकलं. "प्रत्येकाचा एक डोळा बारीक असतो. चार हजार नवऱ्या मुली बघितल्यात मी. तिला किंचित तिरकी बसव, बारीक डोळा कॅमेऱ्याच्या जवळ येईल असा. जवळचं मोठं दिसतं, दोन्ही सारखे होतात. कुणाच्या बापाला कळणार नाही." मी वहीत लिहिलं, "डावा डोळा बारीक. तिरकी बसवणे." पुढच्या रविवारी तिरकी बसवली आणि काय सांगू, खरंच सारखे झाले! मी तर सेड्रिकला मनातल्या मनात दंडवत घातलं, आणि खूण केली.

नोव्हेंबरात परीक्षक म्हणाला की एक गाल चकाकतो आणि दुसरा कोरडा ठणठणीत, जणू दोन वेगवेगळ्या बायकांचे. दिव्याच्या उष्णतेने घाम येतो म्हणे, पण मग तो उजवीकडेच का, असं मला काही वाटलं नाही. थेल्माने सांगितलं, पावडर लाव. मी आईच्याच डबीतली पावडर तिच्या उजव्या गालाला लावली. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू मला नटवतोयस," म्हणाली. फार सुखात होतो गं आम्ही त्या रविवारी, हे मला तुला सांगायलाच हवं. मी तिच्याकडे एवढं टक लावून लग्नाआधीही बघितलं नव्हतं. हनुवटी बोटाने वर करायची, केसांची बट मागे घ्यायची, एक पाऊल मागे येऊन बघायचं. ती म्हणायची, आधी माहीत असतं तर तुला तिशीतच कॅमेरा घेऊन दिला असता.

डिसेंबरात डावा खांदा. "बाई आखडून बसल्यात, डावा खांदा कानाला लागायला आलाय," असं परीक्षक म्हणाला, आणि चौदा देऊन मोकळा झाला. खांदा दुखतोय हे तिने मला सांगितलं होतं. दिवाणखान्याचे पडदे काढताना लचकला असेल, असं तिचंच म्हणणं. मी कोपराखाली उशी दिली, शाल अशी घेतली की उंचवटा झाकला जाईल, आणि म्हटलं, दोन मिनिटं सोस. तिने सोसलं. फोटोत ते अजिबात कळत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला आम्ही त्या खांद्यासाठी दवाखान्यात गेलो. डॉक्टर भला माणूस. त्याने हात वर-खाली करून बघितला, व्यायाम लिहून दिले आणि विचारलं, आणखी काही त्रास? आई म्हणाली, नाही, बाकी मी ठणठणीत. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, ब्रायनी. वही माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. डावा डोळा, डावा गाल, डावा खांदा, माझ्याच अक्षरात, तारखांसकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण वळसा तरी घालावा ना माणसाने. मी तोही घातला नाही. मी तिथे बसून विचार करत होतो की या खोलीत उजेड किती मऊ येतो.

यापुढचं लिहायला मला जड जातंय. जानेवारीचा परीक्षक भिंग घेऊन आला होता. असे असतात काही. डोळ्यांपाशी बराच वेळ थांबून म्हणाला, "दोन बाहुल्या सारख्या नाहीत. डावी निम्म्यानं लहान आहे. प्रकाश एका बाजूनं फार पडलाय." मी पांढरं थर्माकोल आणलं, दुसऱ्या बाजूने उजेड परतवून बघितला. मग दिवा फिरवला. मग खुर्चीच फिरवली. तीन रविवार गेले, बाहुली काही मोठी होईना. मला राग यायला लागला. बॉयलरचा सगळा पाइप तपासला आणि तरी गळतीच सापडेना की येतो ना, तसला राग. एकदा तर तुझ्या आईवर खेकसलो, की तूच काहीतरी करतेस, डोळा नीट उघड ना! तिने दोन बोटांनी पापणी वर धरली आणि म्हणाली, "आता बघ, राजे." तोही फोटो मी काढला. मग चिडून पुसून टाकला.

शेवटी थेल्मा मदतीला आली. तिच्या घरी कॉम्प्युटरवर तिने शिकवलं. उजवा डोळा उचलायचा, उलटा करायचा आणि डाव्यावर ठेवायचा. "घाबरू नकोस, तिला दुखत नाही," म्हणाली. जमलं. तिच्या चांगल्या डोळ्याने मी आजारी डोळा झाकला. उरलेली पापणीही जरा वर ओढली. फेब्रुवारीतल्या वार्षिक स्पर्धेत त्या फोटोला एकोणीस गुण मिळाले. पहिल्या वर्षाच्या माणसाला एकोणीस मिळाल्याचं क्लबात कुणाला आठवत नव्हतं. सेड्रिक उठून उभा राहिला, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "नळ बंद झाला म्हणायचा!" घरी आलो तर तुझ्या आईने केक केला होता. एका हाताने फेटलेला, त्यामुळे जरा बसका. तोच फोटो मी तुला पाठवला. तू लिहिलंस, आई दहा वर्षांनी तरुण दिसतेय, तिला काय खायला घालता? मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

ईस्टरच्या रविवारी तिच्या हातून रोस्टचा ट्रे सुटला. डाव्या हातात जोरच नव्हता. तो हात अंगठ्यापाशी सुकला होता, आणि मी म्हणे पोर्ट्रेट काढणारा. इस्पितळातली डॉक्टर तुझ्याच वयाची. तिने आईकडे बघितलं, अजून हातही लावला नव्हता, आणि विचारलं, "हा डोळा कधीपासून असा आहे?" आई म्हणाली, असाच असतो, वय झालं. मग तपासण्या झाल्या आणि तिने मला खोलीबाहेर बोलावून समजावलं. फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला गाठ आहे. तिथून चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसा ती दाबते, म्हणून पापणी उतरते, बाहुली बारीक होते, त्या अंगाला घाम येत नाही. खांदाही तिथूनच दुखतो. ती एकेक सांगत होती आणि मी मनातल्या मनात एकेका खुणेवर बोट ठेवत होतो. क्लबातल्या कुणाची कुठलीच सूचना चुकली नव्हती. सगळ्यांनी बरोबर बघितलं. मीच समजलो की ते माझ्या फोटोबद्दल बोलतायत.

घरी येऊन मी सहाही फोटो याच टेबलावर ओळीने मांडले. नळापासून एकोणीस गुणांपर्यंत. फोटो सुधारत जातात आणि ती जात राहते. नंतर मी डॉक्टरबाईंना एकट्यानेच फोन केला आणि विचारलं, ऑक्टोबरात आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "तेव्हा आपल्याला बोलण्यासारखं बरंच काही असतं." फार सभ्य बाई आहे. त्यानंतर मला धड झोप नाही, भूक नाही. चर्चमध्ये गेलो तर तिथेही उजेड कुठून येतो तेच दिसतं, म्हणून तेही सोडलं. लोक म्हणतात, धीर धरा. कशासाठी धरायचा, ते कुणी सांगत नाही.

गेल्या शुक्रवारी सेड्रिक फळांचा केक घेऊन आईला भेटायला आला. त्याने तिला आजवर फोटोतच बघितलं होतं. खुर्चीत बसला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तो बडबड्या म्हातारा हातातला केक द्यायचाच विसरला. आई त्याची टिंगल करत होती, की चार हजार नवऱ्या मुली बघितलेला माणूस एका म्हातारीला घाबरला. बाहेर गाडीपाशी मात्र तो रडायलाच लागला. "मीच सांगितलं ना रे, तिरकी बसव म्हणून. मीच सांगितलं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "सेड्रिक, तुझा काडीचा दोष नाही. तू तिला पाहिलंही नव्हतंस." त्याने डोळे पुसले, मान हलवली आणि गाडीत बसला. एवढंच लागलं. एक मिनिट, दोन वाक्यं. मी दारात उभा राहिलो आणि मला माझीच भयंकर लाज वाटली.

कारण तीच दोन वाक्यं मी तुला पाच आठवडे दिली नाहीत. रविवारी तू फोनवर रडत पुन्हा म्हणालीस, "बाबा, नाताळात ड्यूटी बदलून आले असते तर मी तो डोळा ओळखला असता. वॉर्डात मी रोज हेच तर बघते." चौथ्यांदा म्हणालीस. आणि चारही वेळा मी "जाऊ दे गं" म्हणालो. जाऊ दे म्हणजे काय, पोरी? चूक तुझी, पण मी मोठ्या मनाने पोटात घातली, असंच ना? तुला तसंच वाटत राहावं असं मला हवं होतं, कारण तुझ्या खांद्यावर ते ओझं असेपर्यंत माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आता ऐक. नाताळच्या आधी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तू स्वतःहून विचारलं होतंस, "मला येता येत नाही, तर आईचा एखादा फोटो तरी पाठवा ना, कसाही चालेल." तू विसरली असशील. माझ्याकडे तेव्हा ऑक्टोबरचा फोटो होता, पापणी उतरलेला, कुठलीही हातचलाखी न केलेला. मी तो पाकिटात घातलाही होता. मग वाटलं, अकरा गुणांचा फोटो काय पोरीला पाठवायचा, हसेल ती. आणि मी तुला कळवलं, थांब, चांगला आला की पाठवतो. फोटो मागितलास म्हणजे तू बघायलाच आली होतीस, ब्रायनी. अॅबर्डीनहून जेवढं येता येतं तेवढी आली होतीस. मी तुला दारातून परत पाठवलं. आईला यातलं काही माहीत नाही, आणि सांगायची माझ्यात हिंमत नाही. तू शनिवारी येशील तेव्हा माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आधी तिच्यापाशी बस, आणि तुझा दोष नव्हता हे मनात पक्कं धरून बस.

तुझाच,
बाबा